केरबानं बालसाखळीत नाव घातलं

एका गावात एक भोळा बाप होता. गावाचं नाव सांगत नाही, कारण ते आमचंच आहे आणि आमची शोभा आधीच काही कमी झालेली नाही. बापाचं नाव केरबा. दोन म्हशी, एक बायको आणि एक पोरगी एवढा त्याचा संसार. बायको शेवंता काजूच्या कारखान्यात जायची, ती सकाळी आठला जाऊन संध्याकाळी सहाला यायची. पोरगी सगुणा, म्हणजे सगू, पावणेतीन वर्षांची. खायची, पळायची, म्हशीच्या शेपटीला लोंबकळायची. फक्त बोलायची नाही. एक शब्द नाही.

"बापावर गेली," शेजारच्या बायका म्हणायच्या. केरबानं ते ऐकलं होतं. त्याला राग आला नाही, भीती वाटली. "माझ्यावर गेली असली तर कठीण आहे गं बाई," असं तो म्हशीला म्हणाला. शेवंताचं मागणं फार मोठं नव्हतं. तिला एकदा, मरायच्या आधी एकदा, 'आई' अशी हाक ऐकायची होती.

त्या वर्षी आमच्या पाच गावांत बालसाखळी सुरू झाली. बालसाखळी म्हणजे काय, तर अंगणवाडी, लस टोचणाऱ्या सिस्टर, लहान मुलांचे डॉक्टर, मुलांना बोलायला शिकवणाऱ्या बाई, असे सगळे एकमेकांशी जोडलेले. घराचं नाव एकदा त्यात घातलं की पोराला जे माणूस लागेल ते गाठून देणार. दारोदार फिरायला नको.

"उद्या जावा आणि नाव घाला," शेवंता केरबाला म्हणाली. "सगळी कागदं न्या. एक जरी कागद विसरला तर माझ्याशी गाठ आहे."

केरबानं कागद विसरला नाही. जन्माचा दाखला, लसीचं कार्ड, रेशनकार्ड, म्हशीच्या विम्याची पावती, स्वतःच्या लग्नाची पत्रिका, सगळं पिशवीत भरलं. सगूला शेजारच्या भागीरथीकाकूंच्या ओट्यावर बसवलं आणि हा अंगणवाडीत हजर.

तिथं मालूताई होत्या. अंगणवाडीच्या सेविका, आणि साखळीत नावं लिहायचं कामही त्यांच्याचकडे.

"मुलगी कुठाय?"

"घरी. कागदात लिहिलीय की."

"अहो केरबा, नुसत्या कागदांना काय करू मी? ज्याचं काम आहे ते खरोखरचं समोर आणायचं!"

केरबानं कपाळावर हात मारला. "हात्तिच्या! एवढं साधं, आणि मला कळू नये! माझ्या डोक्यात नुसते कांदे भरलेत, ताई." आणि विसरायला नको म्हणून खांद्यावरच्या टॉवेलला त्यानं एक गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी तो सगूला घेऊन गेला. मालूताईंनी फॉर्म भरला, सगूला खाऊ दिला आणि म्हणाल्या, "आता फक्त घराचा पुरावा राहिला. ग्रामपंचायतीचा घर नंबर कुठं लिहिलेला असेल ना, तो उद्या दाखवा. झालं."

केरबानं टॉवेलची गाठ चाचपली. खरोखरचं समोर आणायचं! घराचा नंबर पंचायतीच्या माणसानं दारावर लाल रंगानं लिहिलेला होता. केरबानं दार काढलं. बिजागऱ्या गंजलेल्या, दोन तास लागले. मग दार डोक्यावर घेऊन भर बाजारातून निघाला. लोक विचारायचे, "काय केरबा, घर बदलतोस?" हा म्हणायचा, "नाही हो, पुरावा आहे."

मालूताईंनी दार बघितलं. मग केरबाकडे बघितलं. मग बराच वेळ दाराकडेच बघितलं.

"केरबा, अशा वस्तू उचलून आणायच्या नसतात हो. मोबाइलवर फोटो काढायचा आणि फोटो दाखवायचा. तेवढ्यानं भागतं."

"हात्तिच्या! एवढं साधं, आणि मला कळू नये!" टॉवेलला दुसरी गाठ पडली. संध्याकाळी शेवंता घरी आली तेव्हा घराला दार नव्हतं, टोपल्यात भाकरी नव्हती आणि अंथरुणावर भागीरथीकाकूंची शेळी झोपलेली होती. शेवंता त्या दिवशी काय काय बोलली ते लहान मुलांसमोर सांगण्यासारखं नाही.

पण नाव मात्र साखळीत लागलं. पिवळं कार्ड मिळालं. "सोमवारी सगूचं वजन करू," मालूताई म्हणाल्या, "मग गुरुवारी बोलायला शिकवणाऱ्या बाई येणार आहेत, त्यांच्याकडे पहिला नंबर तिचा."

सोमवारी केरबा एकटाच आला. टॉवेलची दुसरी गाठ त्याला पक्की पाठ होती. त्यानं खिशातून मोबाइल काढला, सगूचा फोटो लावला आणि मोबाइल अलगद वजनकाट्यावर ठेवला. काटा हलेचना.

"ताई," केरबा काट्यावर वाकून म्हणाला, "पोरगी भरतच नाही हो. खाते तर दोन दोन भाकऱ्या!"

मालूताई खुर्चीत बसून पाणी प्यायल्या. त्या स्वभावानं गरीब, पण त्यांनाही शेवटी रक्तदाब होताच.

"केरबा, तुमच्या पाया पडते. गुरुवारी येताना पोरीला आणा. आणि इथं आल्यावर तोंडातून ब्र काढू नका. स्वतःचं डोकं लावू नका. अगदी गप्प बसा."

"हात्तिच्या! एवढं साधं..." केरबा म्हणायला गेला, पण लगेच त्यानं तोंड मिटलं आणि तिसरी गाठ मारली.

गुरुवारी देवस्थळीबाई आल्या. मुलांना बोलायला शिकवायचं त्यांचं काम. मालूताई बाहेर पोरांना खिचडी वाढत होत्या. केरबा सगूला मांडीवर घेऊन बसला होता, ओठांवर बोट ठेवून. बापाचं बघून सगूनंही ओठांवर बोट ठेवलं.

"काय नाव बाळाचं?" बाईंनी विचारलं.

केरबा गप्प.

"तुमचं?"

केरबानं मान हलवली. डोळ्यांनी खूप काही सांगायचा प्रयत्न केला. बाईंनी मोठ्यांदा विचारलं, खुणांनी विचारलं. शेवटी त्यांनी कळवळून कागदावर लिहिलं, 'वडीलही बोलत नाहीत.' आणि दोघांनाही तपासायला घेतलं. सगूला साबणाचे फुगे उडवायला दिले, केरबालाही दिले. केरबानं असे फुगे उडवले की बाई म्हणाल्या, "वा! यांचे ओठ तर चांगले चालतात. यांना लवकर गुण येईल!"

तेवढ्यात मालूताई हात पुसत आत आल्या. "अहो केरबा, बोला की!"

"बोलू?" केरबा म्हणाला.

बाई खुर्चीतून उठल्याच. त्यांना वाटलं, आपल्याच हाताला गुण आला.

सगळा उलगडा झाल्यावर त्या हसल्या, पण मग त्यांनी हळूच विचारलं, "घरी तुम्ही हिच्याशी बोलता ना?"

केरबानं खाली बघितलं. "नाही बाई. मी तोंड उघडलं की गाव हसतं. म्हणून दिवसभर गप्पच असतो. म्हशीशी बोलतो तेवढं. म्हैस हसत नाही."

आता इथं मला जरा थांबायला लागतं. कारण हसणाऱ्यांत मी पहिला होतो.

"मग हसू द्या गावाला," बाई म्हणाल्या. "हिला ऐकू चांगलं येतं, डोळ्यांत समज आहे, हिला फक्त शब्द मिळायला हवेत. आजपासून जे दिसेल, जे घडेल, ते हिला सांगत जा. छोटे छोटे शब्द, स्पष्ट, मोठ्यानं. कुठंही असा, थांबायचं नाही. आणि ही एक शब्द जरी बोलली तरी जोरात टाळ्या वाजवायच्या. साखळीतल्या सगळ्या घरांनी वाजवायच्या, पोर कुणाचं का असेना!"

केरबानं चौथी गाठ मारली. शेवंतानं घरी ती ओढून आणखी घट्ट केली. टाळ्यांचा निरोप मालूताईंनी साखळीतल्या घराघरांत पोचवला.

पुढचे दोन महिने आमच्या गावाला झोप नाही. पहाटे पाचला सुरू. "सगू, हे दूध. पांढरं दूध. ही म्हैस. म्हैस काळी." एसटीत बसला की, "हे कंडक्टर. कंडक्टरला टक्कल. गोल टक्कल." पिठाच्या गिरणीत, "ह्या काकू. काकू जाड." गिरणीत त्याला दोनदा मार बसता बसता राहिला. सगू टकामका बघायची. बोलायची मात्र नाही. शेवंता रोज संध्याकाळी कारखान्यातून आली की आधी केरबाच्या तोंडाकडे बघायची, आणि तो नुसती मान हलवायचा.

अशात आमचे दत्तूआबा गेले. चौऱ्याण्णव वर्षांचे, वीस वर्षं सरपंच राहिलेले. शाळेच्या पटांगणात शोकसभा ठेवली. पाच गावांचे लोक आले, साखळीतली सगळी घरं आली. रविवार, म्हणून शेवंताही आली. पुढं आबांचा फोटो, फोटोला हार, बाजूला त्यांचा मुलगा विश्वासराव हात जोडून उभा. भाषणं झाली. मग सगळे दोन मिनिटं शांत उभे राहिले.

केरबा शांत कसा राहणार? थांबायचं नाही, असं बाईंनी सांगितलेलं.

"सगू, हा फोटो," त्या शांततेत त्याचा आवाज घुमला. "हा हार. हे आजोबा. आजोबा मेले."

कुणीतरी त्याला चिमटा काढला. कुणीतरी "शूऽऽ" केलं. मग पुन्हा सगळं चिडीचूप. आणि त्या शांततेत सगूनं फोटोकडे बोट केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"आजोबा मेले!"

"दोन शब्द!" केरबा ओरडला. "एकदम दोन! शाब्बास माझ्या वाघा! परत म्हण!"

"आजोबा मेले!"

केरबानं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्याचं बघून मालूताईंनी वाजवल्या. मग पाचही गावांतल्या साखळीच्या घरांनी वाजवल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या. माझा नातू साखळीत आहे, म्हणून मीही वाजवल्या. खोटं कशाला बोलू, दोन्ही हात वर करून वाजवल्या. सगळं पटांगण दणाणून गेलं. विश्वासरावांनी बापाच्या फोटोकडे बघितलं आणि मग आमच्याकडे.

एवढ्या गर्दीत रडत होती ती एकटी शेवंता. पदर तोंडात कोंबून, हुंदके देऊन रडत होती. विश्वासराव तिच्याजवळ आले. त्यांचे डोळे भरले होते.

"सावरा, वहिनी. आबांसाठी रडणारं या गावात एक तरी माणूस निघालं."

शेवंताचे हुंदके आणखी वाढले. केरबानं मात्र सगूला वर उचलून सांगितलं, छोट्या शब्दांत, स्पष्ट आणि मोठ्यानं: "सगू, ही बघ. ही आई. आई रडते."

सगूनं तिच्याकडे बघितलं. दोन्ही हात पुढं केले.

"आई," ती म्हणाली.

आता तुम्हीच सांगा, आम्ही काय करणार? पुन्हा टाळ्या वाजवल्या. या वेळी विश्वासरावांनीही वाजवल्या.