बिरजाबाईचा चारा

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. वैनगंगेच्या काठी कोसमडोह नावाचं मासे धरणाऱ्या ढिवरांचं गाव होतं, जेमतेम पंधरा घरांचं. तिथे बिरजाबाई नावाची म्हातारी राहायची. तिला ना शेत, ना नदीत घालायला डोंगा. पण गळाला लावायचा चारा मळावा तर तिनेच. असं म्हणतात, तिच्या हातचा गोळा पाण्यात पडला की पोटभर खाऊन झोपलेला मासाही उठून यायचा. आता मासे झोपतात का, हे मला विचारू नका. ऐकलं तसं सांगतो.

एका वर्षी पावसाने दगा दिला. नदी आटत आटत एका डोहापुरती उरली, आणि होते नव्हते ते मासे त्या डोहातल्या कपारींत जाऊन बसले. जाळं टाकलं की खडकाला लागून फाटायचं. राहिला गळ. गळाला गांडूळ लावावं, तर कमरेइतकं खणूनही ओली माती लागेना. मग पिठाचा चारा तेवढा उरला. आणि पीठ म्हणजे लेकरांची पेज.

बिरजाबाईने अंदाज सांगितला. तांदळाचं पीठ घरटी दोन ओंजळी, सगळं मिळून होईल त्याच्या निम्मी जवसाची ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, आणि वास धरायला थोडी मोहफुलं. ऐकून बायका पिठाची मडकी पाहून आल्या. घराघरांत पीठ उरलं होतं तेच मुळी तेवढं. ढेप तर गावात नव्हतीच. पलीकडच्या गावचा तेली ढेपेच्या बदल्यात पाणी भरायचा तांब्याचा गुंड मागत होता. बिरजाबाईने घरातला एकुलता एक गुंड काढून दिला आणि त्या दिवसापासून मडक्याने पाणी भरू लागली.

ढेप आली, पीठ जमलं. सकाळी डोहाकाठच्या खडकावर बिरजाबाईने काठवट मांडली. सगळं गाव भोवती उभं राहिलं. मासा गळ धरेल ना, नाही धरला तर उद्या लेकरांना काय घालायचं, हेच सगळ्यांच्या मनात होतं. बिरजाबाईची रीत अशी, की मळताना चिमूटभर चारा जिभेवर ठेवून पाहायचा. काय कमी, काय जास्त, ते तिला चवीवरून कळायचं. तिने चिमूट उचलली, आणि अख्ख्या गावाची नजर तिच्या तोंडावर खिळली.

गावातला दसरू पुढे झाला. त्याची लहानगी पोर भुकेने निपचित होऊन त्याच्या खांद्यावर पडली होती.

"काकी," तो म्हणाला, "हे लेकराइच्या तोंडचं पीठ हाय. तोंडात नोको घालू."

म्हातारीचा हात थांबला. तीही उपाशीच होती, म्हणून ते बोलणं तिला जास्त लागलं. "बरं, राहू दे," म्हणत तिने चिमूट परत काठवटीत टाकली. एक मात्र केलं, चुकलंच तर हाती असावं म्हणून निम्मंच पीठ मळलं.

गळ पडले. दुपार झाली तरी एक दोर हलला नाही. मासे जवळ यायचे, हुंगायचे आणि वळून जायचे. गोळे पाण्यात विरघळले. बायका डोळ्यांना पदर लावून बसल्या.

"न चाखता मळला, माही चूक झाली," बिरजाबाई म्हणाली. "आता चाखल्याबिगर मळणार नाही. पटत नसंल त उरलं पीठ घरी घेऊन जा. आजची पेज तरी होईल."

सगळे दसरूकडे पाहू लागले. उरलेलं पीठ नेलं तर पोर आज जेवली असती. तो पिठाकडे पाहत राहिला, मग पोरीकडे. मग एकाएकी त्याने काठवटीकडे पाठ केली.

"फिरा सारे," तो म्हणाला. "काकीच्या तोंडाकडं कोणी पाहू नोका."

गाव फिरलं. आयांनी कडेवरच्या लेकरांचीही तोंडं वळवली. मागून आवाज आला, "ढेप कडू हाय. कुजकी देली मले तेल्यानं." तिने उरलेली ढेप फेकली, मोहफुलं वाढवली आणि नुसत्या पिठाचा चारा मळला.

पहिला गळ पडला आणि डोहाचं पाणी आधणासारखं उसळलं. असं म्हणतात, मासे इतके वर आले, की डोंगा पाण्यावर नव्हे तर त्यांच्या पाठींवर तरंगला. असंही म्हणतात, की पाऊस येईपर्यंत ती काठवट रिकामी झाली नाही. दसरूच्या पोरीला माशाचं पहिलं कालवण बिरजाबाईनेच भरवलं.

कोसमडोहात आजही वर्षाचा पहिला चारा त्याच खडकावर मळतात. मळणारी बाई चिमूट तोंडाशी नेते, तेव्हा म्हातारी, पोरं, पाहुणे, सगळे तिच्याकडे पाठ करून उभे राहतात. बिरजाबाईने तेव्हा चारा नुसता जिभेला लावून थुंकला, असं काहीजण म्हणतात. काही म्हणतात, गिळला. पाहिलं तर कोणीच नव्हतं. मला विचाराल, तर तिने गिळलाच असेल, आणि चांगला मूठभर गिळला असेल.