येसू परटाला बिब्बा उतला

नदीकाठच्या एका गावात येसू नावाचा एक भोळा परीट होता. भोळा हा शब्द त्याच्या आईचा. गावाचा शब्द वेगळा होता.

येसूला कोणी मुलगी देईना. शेवटी लांबच्या एका गावाहून निरोप आला, की पुढच्या बाजारानंतर मुलगी पाहायला या. आई म्हणाली, "येसू, हे शेवटचं दार. हे बंद झालं, तर माझ्यामागे तुला बघणारं कोणी नाही. तोवर गप काम कर. कपड्यांना बिब्ब्याच्या खुणा घाल. ज्याला खूण नाही, ते हरवलंच समज."

"समजलं," येसू म्हणाला.

बिब्ब्याचा काळा चीक सुईने कापडाच्या कोपऱ्यावर लावला, की खूण कितीही धुतली तरी जात नाही. येसूने गावाच्या कपड्यांना खुणा घातल्या. मग त्याच्या ध्यानात आलं, की आपल्यालाच खूण नाही. त्याने दोन्ही हातांवर आणि कपाळावर चीक लावला.

सकाळी हात भाकरीसारखे फुगले होते. खाज अशी, की त्याने हात-कपाळ घासून भिंतीचे पोपडे काढले.

"मेल्या, बिब्बा उतला की तुला!" आई ओरडली. "बिब्बा लागला की आधी खोबरेल चोळायचं!"

"समजलं," येसू म्हणाला. त्याने बिब्बा लागलेल्या सगळ्या कपड्यांना खोबरेल चोळलं. स्वतःला लावायला तेल उरलं नाही.

पाटील धोतर घेऊन आले. "काय रे येशा, धोतर धुतलंस का तळलंस?"

आईने कपाळावर हात मारला. "अरे, डाग दिसला की भट्टीत घालायचं आणि दगडावर आपटायचं! तुझा बाप जन्मभर हेच करत होता."

"समजलं."

येसूच्या हातांवर लाल डाग होतेच. त्याने ते कोपरापर्यंत भट्टीतल्या खाराच्या कढत पाण्यात घातले आणि मग दगडावर आपटले. घाटावरच्या बायकांनी धुणं थांबवून पाहिलं. अडवलं कोणी नाही. असं रोज कुठे बघायला मिळतं?

आता फोड आले. खाज काही जाईना. आई त्याला वैद्यबुवांकडे घेऊन गेली. बुवांना स्वतःलाच जुना नायटा होता. त्यामुळे खाजेच्या बाबतीत गाव त्यांना फार मानी.

बुवा मांडी खाजवत म्हणाले, "खोबरं वाटून जाड थापा. वरून फडकं गुंडाळा. रोगी बोंबलतो, बोंबलू द्या. धरून ठेवा. आणि उतलेलं दिसल्याबरोबर करा. विचारत बसाल तर पसरेल."

आईने तसंच केलं. येसू बोंबलला. आईने सोडलं नाही.

"समजलं का आता?"

"समजलं."

फोड बसले, पण चट्टे राहिले, खाजही राहिली. मुलगी पाहायला जायचा दिवस उजाडला. गाडीवान भाड्याची बैलगाडी घेऊन दारात आला. आईने येसूला लांब बाह्यांचा सदरा घातला, फेटा भुवयांपर्यंत ओढला आणि वाटलेलं खोबरं पानात बांधून त्याच्या खिशात दिलं. "खाज सुटली तर परसात जाऊन लाव. तोंड मात्र उघडू नकोस."

येसूने तोंड उघडलं नाही. मुलीच्या बापाला वाटलं, मुलगा विचारी आहे. "आमच्याकडून होकार समजा," तो म्हणाला. "तुम्ही फक्त मुलगी बघून घ्या."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

मुलगी येऊन पाटावर बसली. त्या गावात गोंदल्याशिवाय बाईचं लग्न होत नसे. मुलीच्या कपाळावर, हनुवटीवर आणि दोन्ही हातांवर हिरवंकाळं गोंदण होतं.

येसू ताडकन उठला. त्याने विचारलं नाही. पान सोडून खोबरं तिच्या कपाळावर थापलं, हनुवटीवर थापलं, हातांवर थापलं. फडकं हवं म्हणून स्वतःचा फेटा सोडला आणि तिला मानेपासून गुंडाळलं. त्याचं चट्ट्यांनी भरलेलं कपाळ सगळ्यांनी पाहिलं. मुलगी बोंबलली. येसूने धरून ठेवलं.

"सोड तिला, मुडद्या!" बाप ओरडला.

येसूने आणखी घट्ट धरलं.

आतून मुलीची आई धावली, आत्या धावली, दोन्ही काकू धावल्या. सगळ्यांनी हात उगारले. सगळ्यांच्या हातांवर कोपरापर्यंत गोंदण.

येसूने एकदा त्या हातांकडे पाहिलं, एकदा रिकाम्या पानाकडे. मग त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"आई, गाडीवानाला नारळ आणायला पिटाळ! ह्यांच्या अख्ख्या घराला बिब्बा उतलाय!"