कल्हई उडालेलं तपेलं

ही गोष्ट फार जुन्या काळातली. तेव्हाच्या राजाचं नाव आता कोणाला आठवत नाही, पण त्याच्या राज्यात घरोघरी तांब्यापितळेची भांडी होती, आणि त्या भांड्यांना आतून कल्हई करणारा रायबा नावाचा एक माणूस होता.

रायबा आणि त्याची बायको तुळसा गावोगाव फिरत. तुळसा भाता ओढायची. रायबा तापलेल्या भांड्यात नवसागर टाकायचा, कथील फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्याने ते सगळीकडे सारखं पसरवायचा. पिवळं भांडं आतून चांदीसारखं पांढरं व्हायचं. मग त्यात ताक ठेवा नाहीतर चिंचेचं सार ठेवा, काही बिघडत नसे. रायबाच्या कामात खोट नव्हती. डोकं मात्र लवकर तापायचं, आणि तापलं की चार दिवस निवायचं नाही.

एका चैत्रात दोघं नदीकाठच्या एका गावात आली. दर वर्षी त्यांची भट्टी पेटली की दुपारपर्यंत भांड्यांचा ढीग लागे. या वर्षी कोणी फिरकलं नाही. तुळसाने फुलवलेले निखारे तसेच राख झाले. शेवटी रायबा उठला आणि गावात गेला.

वाटेत पहिलं घर ठकूआजीचं. म्हातारी एकटी राहायची. रायबा आला की त्याला भाकरी आणि ठेचा दिल्याशिवाय ती पुढे जाऊ देत नसे. आजही तिने भाकरी पुढे केली आणि म्हणाली, "तुझं काम गेलं रे बाबा. महिन्यापूर्वी एक व्यापारी येऊन गेला. तांबडी पूड विकत होता. ओल्या फडक्यावर घ्यायची आणि घासायची. भांड्यात तोंड दिसतं बघ. सगळ्या बायका त्या पुडीच्याच मागे लागल्यात."

"बाहेरून घासतात ना?" रायबाने विचारलं.

"आतून बाहेरून, सगळीकडून."

रायबाच्या हातातला घास हातातच राहिला. तो तडक पाटलाच्या वाड्याकडे निघाला.

वाड्याच्या अंगणात पाटलीणबाई पाच-सहा बायकांना घेऊन बसल्या होत्या. मधे गावजेवणाचं मोठं तपेलं आडवं केलं होतं. बायकांचे हात कोपरापर्यंत तांबडे झाले होते. तपेलं असं लखलखत होतं की त्यावर नजर ठरत नव्हती. रायबा वाकला आणि त्याने आत पाहिलं. गेल्याच वर्षी घाम गाळून केलेली त्याची कल्हई पार उडाली होती. आतून नुसतं उघडं पितळ, पिवळंधमक.

"पाटलीणबाई, हे आतून कोणी घासायला सांगितलं?" त्याचा आवाज चढला.

"सांगायला कशाला पाहिजे? डोळे आहेत आम्हाला," पाटलीणबाई म्हणाल्या. "तू आजवर पांढरा मुलामा देऊन आमचं सोनं झाकत होतास. आता बघ कसं दिसतंय. उद्या गावजेवणाची कढी यातच करणार आहे."

"कढी? अहो, यात..."

"यात काय? तुझ्या पोटासाठी आम्ही भांडी मळकी ठेवायची का? पूड आली म्हणून तुला पोटशूळ उठलाय. जा, दुसरं गाव बघ."

बायका हसल्या. एकीने उरलेली चिमूटभर पूड त्याच्या पायाशी टाकली. "घे, तुझी कढई घास," ती म्हणाली, आणि हसू आणखी वाढलं.

रायबाच्या कानशिलात ठोके पडू लागले. पुढचं वाक्य त्याच्या ओठांवर आलं होतं. आंबट कढी या भांड्यात घटकाभर जरी राहिली तरी कळकेल, विषासारखी होईल. एवढंच त्याला सांगायचं होतं. त्याने ते गिळलं. 'जेवा,' तो मनात म्हणाला, 'सोन्याच्या भांड्यात जेवा. मग कळेल कल्हईवाला कशाला लागतो ते.'

तो वळला. ठकूआजीच्या दारावरून गेला तेव्हा तिने हाक मारली, पण रागाच्या भरात त्याला ती ऐकूही आली नाही. त्याने भट्टी मोडली, बोचकं उचललं आणि तुळसाला म्हणाला, "चल. या गावाचं पाणीसुद्धा नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी चार कोसांवरच्या गावात त्यांनी भट्टी मांडली. तुळसा भाता ओढत होती. रायबा भांडी आपटत होता. न राहवून तुळसाने विचारलं, "काल झालं तरी काय?"

रायबाने सगळं सांगितलं. सांगताना त्याला बरं वाटत होतं. आज दुपारी त्या बायकांचे चेहरे कसे होतील, हेही त्याने सांगितलं.

भाता थांबला.

"तुम्ही त्यांना सांगितलं नाही?"

"त्यांनी बोलू दिलं का मला?"

"बोलू दिलं नाही म्हणून गप्प बसलात?" तुळसा उभी राहिली. तिचा चेहरा निखाऱ्यासारखा झाला होता. "पाटलीण हसली ना तुम्हाला? मग तिच्या एकटीच्या ताटात वाढणार आहेत का ती कढी? तिथे लेकरं जेवतील. ठकूआजी जेवेल. ती हसली होती का तुम्हाला?"

रायबाने हातातलं भांडं खाली टाकलं आणि पळत सुटला.

तो पोचला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पहिली पंगत उठत होती. पहिल्या पंगतीला लहान मुलं आणि म्हातारी माणसं बसायची रीत होती. पहाटे केलेली कढी तेव्हापासून त्या तपेल्यातच होती. गूळ सढळ हाताने घातल्यामुळे पहिल्या घासाला काही कळत नव्हतं. दुसऱ्या पंगतीच्या वाट्या भरायला पाटलीणबाईंनी पळी बुडवली होती.

रायबाने कोणाला काही विचारलं नाही. दोन्ही हातांनी तपेलं धरलं आणि उलटं केलं. कढी अंगणभर पसरली. गडीमाणसांनी त्याला धरलं, खाली पाडलं, लाथा घातल्या. पाटील त्याच्या अंगावर धावून आले.

"मारा," रायबा ओरडला, "पण आधी त्या कढीचा रंग बघा."

अंगणातल्या फरशीवर पसरलेल्या कढीच्या कडांना हिरवट झाक आली होती. लोक बघत राहिले, आणि तेवढ्यात पाटलांची धाकटी नात पोट धरून खाली बसली. तिच्यामागे दुसरं मूल. मग तिसरं.

त्या दिवशी गावात चूल पेटली नाही. वैद्याने तूप, दूध, हाताला लागेल ते पाजलं. मुलं दोन दिवसांनी सावरली. ठकूआजी सावरली नाही. तिसऱ्या दिवशी तिने डोळे मिटले.

तिला पोचवून माणसं परतली तेव्हा पाटलीणबाई रायबासमोर येऊन उभ्या राहिल्या. रडून त्यांचे डोळे सुजले होते, पण आवाजात रडं नव्हतं.

"तुला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "आदल्या दिवशी ठाऊक होतं."

"मी सांगायला लागलो होतो. तुम्ही हसलात."

"हसले. माझं चुकलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण मला काही कळत नव्हतं म्हणून मी हसले. तुला कळत होतं. मी हसले म्हणून म्हातारीने मरायचं का?"

रायबाला आपला अपमान आठवला, पायाशी पडलेली पूड आठवली. तो राग खोटा नव्हता. पण पाटलीणबाईंच्या प्रश्नाला त्यात कुठेच उत्तर नव्हतं. त्याला त्यांचा राग आला, व्यापाऱ्याचा आला, आणि सगळ्यांत जास्त आपल्या मिटलेल्या तोंडाचा आला. त्याच दिवशी त्याने निरोप धाडून तुळसाला भट्टीसकट बोलावून घेतलं.

पुढचे आठ दिवस तो आणि तुळसा त्या गावात राहिली. घराघरातलं भांडं त्यांनी भट्टीवर घेतलं आणि पांढरं केलं. कोणाकडून काही घेतलं नाही. पुडीच्या थैल्या पाटलीणबाईंनी स्वतःच्या हाताने खड्ड्यात पुरल्या. गावजेवण मात्र त्या गावात पुन्हा कधी झालं नाही.

आणि रायबा? त्यानंतर तो ज्या गावात जाई, तिथे भट्टी मांडण्याआधी चावडीवर उभा राहून मोठ्याने सांगे, "बाहेरून हवं तेवढं घासा. आतली कल्हई उडाली असेल तर त्यात आंबट शिजवू नका." लोक हसत, कोणी शिव्याही देत. त्याचं डोकं तापायचं, मुठी वळायच्या. मग तो तेच पुन्हा एकदा, आणखी मोठ्याने सांगायचा.

बोध: अपमान झाला तर राग खुशाल यावा, पण दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे हे ठाऊक असताना त्या रागापायी तोंड मिटून बसू नये.