रबरी रिंग आणि पितळराव

वस्तू आपसांत बोलत, पण माणसांना ऐकू येत नसे, तेव्हाची ही गोष्ट. तारकर्लीचा भिवा कुबल समुद्रात बुड्या मारायचा. टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारा रेग्युलेटर त्याने घरीच ओटीवर उघडला. पितळी भाग देवाच्या समईसारखा आमसुलाने घासला. आतली रबरी रिंग मात्र नुसती पुसून ठेवली.

रिंग म्हणाली, "पितळराव, मला चीर गेली आहे. मला पुन्हा बसवलं, तर खोल पाण्यात भिवाची हवा संपेल. याला काहीतरी खूण करा."

"गप गं," पितळराव म्हणाले. "तुला बघतंय कोण? उद्या सगळी होडी मला बघणार आहे."

भिवाने तीच रिंग बसवली. बायको म्हणाली, "अहो, लखलखीत केलात, पण बादलीत बुडवून बघितलात काय?"

टाकी जोडून रेग्युलेटर बादलीत सोडला, तर भराभरा बुडबुडे निघाले. पितळराव फुलून गेले. "बघ, माझ्या अंगातून मोती निघतायत!"

भिवाने जीभ चावली. जुनी रिंग अंगणात फेकून नवी बसवली. आता एकही बुडबुडा येईना.

अंगणात पडलेल्या रिंगेचा जीव भांड्यात पडला. पितळराव मात्र फुरंगटून म्हणाले, "जुनीच गुणी होती. ही नवी माझी हौसच भागू देत नाही."