नावाड्याचं चित्र

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या वेळच्या नदीनं आता आपलं पात्रही बदललं आहे.

एका राज्यात लिंगोजी नावाचा चितारी होता. तो ना राजाच्या पदरी होता, ना कुणा सरदाराच्या. जो बोलावील त्याच्याकडे जायचं, त्याला हवं तसं चित्र काढून द्यायचं आणि पुढच्या गावाची वाट धरायची, असं त्याचं जिणं. हात मोठा गुणी होता. मन मात्र शंकेखोर झालं होतं, आणि त्याला कारणही घडलं होतं.

पूर्वी एका श्रीमंतानं देवघराच्या भिंतीसाठी त्याच्याकडून कच्चं रेखाटन करून घेतलं. "विचार करून कळवतो," म्हणाला. पुढे लिंगोजी त्या वाटेनं गेला, तर भिंतीवर त्याचंच चित्र होतं आणि त्यात रंग भरले होते दुसऱ्याच चिताऱ्यानं. तेव्हापासून काम पुरं होईपर्यंत तो कुणाला एक रेघही दाखवत नसे. भिंतीपुढे गोणपाटाचा पडदा बांधायचा आणि आत बसून रंगवायचं.

अशा या चिताऱ्याला नदीकाठच्या एका गावाहून बोलावणं आलं. बोलावणारी होती गोदूबाई. तिचा नवरा रखमाजी नावाडी होता. एका पुरात लोकांना पैलतीरी पोचवून परतताना त्याची नाव उलटली आणि तो गेला. त्याच्या आठवणीसाठी तिनं घाटावर वाटसरूंसाठी पडवी बांधली होती. पडवीच्या भिंतीवर तिला नवऱ्याचं चित्र हवं होतं.

"घाई करा, दादा," ती म्हणाली. "माझ्या सासूबाईंची दृष्टी चालली आहे. थोडं दिसतंय तोवर लेकाचं तोंड बघायचं म्हणतात. तेवढीच एक इच्छा उरली आहे त्यांची."

"करतो," लिंगोजी म्हणाला. "दिसायला कसे होते?"

रखमाजीच्या डाव्या डोळ्याची पापणी जन्मापासून जराशी मिटलेली असे. गावातले टवाळ त्याला 'झोपाळू नावाडी' म्हणत. तो बुडाला, तेव्हा त्याच लोकांनी वावडी उठवली, की वल्हवताना डुलकी लागली असणार. त्या बोलण्यानं गोदूबाईच्या काळजाला घरं पडली होती. तिला वाटलं, हा गावोगाव फिरणारा माणूस. याला पापणीचं सांगितलं, तर दहा गावांत सांगून हसवील.

"चारचौघांसारखे होते," ती म्हणाली. "नाकीडोळी नीटस."

लिंगोजीच्या मनात पाल चुकचुकली. नवऱ्याचं चित्र हवं आणि नवऱ्याबद्दल सांगायला शब्द नाहीत? बाई काहीतरी लपवते आहे. दुसऱ्या कुणा चिताऱ्याशीही बोलणं चाललं असेल. आपल्याकडून नुसती मांडणी काढून घ्यायची असेल.

त्यानं पुढे काही विचारलं नाही. गावकऱ्यांनाही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर काय काढतो आहे ते सगळ्यांना कळलं असतं. त्यानं पडदा बांधला आणि कामाला लागला.

इकडे गोदूबाईला तो पडदा खुपू लागला. सरळ मनाचा माणूस भिंत कशाला झाकेल? याच्या कानावर 'झोपाळू नावाडी' आलं तर नसेल? आत बसून तसलंच काही काढत असेल, तर साऱ्या घाटासमोर शोभा होईल.

एकदा ती भाकरी घेऊन आली. लिंगोजीनं बाहेर येऊन भाकरी घेतली आणि हात मागे नेऊन पडदा ओढून घेतला.

"डोळे काढलेत का?" तिनं विचारलं.

"चित्र पुरं झालं की दिसेल."

"नुसतं विचारलं, दादा."

"मीही नुसतं सांगितलं, बाई."

ती निघून गेली. लिंगोजी भाकरी हातात धरून विचार करत राहिला, की हिला नेमके डोळेच का विचारायचे होते? हिला कुणी पाठवलं? त्यानं पडद्याला आणखी दोन गाठी मारल्या. गोदूबाई घरी जाऊन सासूला म्हणाली, "मला तो माणूस बरा वाटत नाही."

म्हातारी म्हणाली, "मला घाटावर ने. मी त्याला सांगते माझा रखमा कसा होता ते."

"तुम्ही काही सांगू नका," गोदूबाई म्हणाली. "त्याला जितकं कमी कळेल तितकं बरं."

शेवटी चित्र पुरं झालं. गाव घाटावर जमलं. लिंगोजीनं पडदा सोडला. भिंतीवर वल्हं हातात घेतलेला एक रुबाबदार नावाडी उभा होता. रुंद छाती, पिळदार मिशा, टपोरे डोळे. मागे नदीचं पाणी असं वाहत होतं, की पाहणाऱ्याला गारवा जाणवावा. लोक पाहत राहिले.

गोदूबाईनं सासूला हात धरून पुढे आणलं. म्हातारी भिंतीच्या अगदी जवळ गेली. तिनं मान तिरपी करून, डोळे बारीक करून चित्र वरपासून खालपर्यंत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"देखणा आहे," ती म्हणाली. "कुणाचा मुलगा हा?"

गोदूबाईनं पदर तोंडाला लावला. लिंगोजीचा चेहरा उतरला.

"तुम्हीच म्हणालात, चारचौघांसारखे," तो गोदूबाईला म्हणाला.

"तुम्ही एकदा तरी पडदा उघडला असतात, तर मी तिथंच सांगितलं असतं."

"तू सांगितलं नाहीस, यांनी दाखवलं नाही," म्हातारी म्हणाली. "मग भिंतीला कसं कळावं?"

लिंगोजीनं त्याच दिवशी भिंतीवर चुना फिरवला. चुना वाळायला वेळ लागला. दुसऱ्या वेळी त्यानं पडदा बांधला नाही. गोदूबाई त्याच्या शेजारी बसली आणि तिनं पापणीचं सांगितलं, लोकांच्या टोमण्यांचंही सांगितलं. तो हसला नाही. त्यानं रेघ ओढली, तिच्याकडे पाहिलं, ती 'नाही' म्हणाली, त्यानं पुसली. त्यानंही तिला ती जुनी फसवणूक सांगितली. नावेची वाट बघणारे वाटसरू थांबू लागले. एक म्हणाला, "ते नावेतून उतरणाऱ्या प्रत्येकाला हात द्यायचे." दुसरी म्हणाली, "फेटा कधी नीट बांधलेला पाहिला नाही मी." लिंगोजी ऐकत गेला आणि काढत गेला.

या खेपेला भिंतीवर एक साधा माणूस उतरला. फेटा सैल, अंग पुढे झुकलेलं, एक हात काठाकडे पसरलेला. मिटलेली पापणी झोपेची वाटतच नव्हती. पाण्यावरचं ऊन डोळ्यांत जाऊ नये म्हणून माणूस बारीक डोळ्यांनी बघतो, तशी ती वाटत होती. पैलतीरावरून आलेल्या एका म्हाताऱ्यानं नावेतून उतरताच नकळत भिंतीला रामराम घातला.

गोदूबाई सासूला आणायला घरी धावली.

म्हातारी आली. भिंतीच्या जवळ गेली, आणखी जवळ गेली. मग तिनं हात पुढे करून चाचपडत भिंतीला तळवा लावला. तिच्या डोळ्यांतला उरलासुरला उजेडही मधल्या दिवसांत विझला होता.

"झालंय का?" तिनं विचारलं.

"झालंय, आई," लिंगोजी म्हणाला. त्यानं तिचा हात धरून प्रत्येक रेघेवरून फिरवला आणि काय काढलं आहे ते सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"हा माझा रखमा," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "मला दिसत होतं तेव्हाच असं का नाही केलंत रे?"

तिच्या आवाजात राग नव्हता.

म्हणून मंडळी, लक्षात ठेवा: ज्याच्या सोबतीनं काम करायचं त्याच्यापासूनच लपवालपवी केली, तर काम बिघडतं, आणि ते सुधारेपर्यंत वेळ थांबत नाही.