शिवलेले जहाज

फार पूर्वी शूर्पारक नगरात भद्रसेन राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व जहाजे बांधणाऱ्या एका सुताराच्या घरी जन्मला होता. त्याचे नाव सागरक. मिसरूड फुटले तेव्हाच त्याने ठरवले की, ज्या बेटांपाशी सगळी जहाजे माघारी फिरतात, त्यांच्याही पलीकडे जाईल असे जहाज बांधायचे. त्याच्याइतकीच वेडी तरुण मंडळी त्याला येऊन मिळाली. लोक म्हणत, "उचलली जीभ, लावली टाळ्याला." पण पोरांना ऐकायला सवड कुठे होती!

सागाचे ओंडके खाडीच्या चिखलात कित्येक वर्षे मुरावे लागतात, तेव्हा कुठे ते समुद्राला पुरतात. तरुणांनी तेवढा दम धरला. मग फळ्या काढल्या आणि काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवल्या, कारण तिकडे जहाजाला खिळे मारीत नसत. टाके घालताना ते कधी न पाहिलेल्या देशात जेवायला काय मिळेल यावर भांडत. काम करताना इतकी सुखी माणसे त्या खाडीने क्वचितच पाहिली असतील.

जहाज पाण्यात लोटायचा दिवस जवळ आला आणि नदीला महापूर आला. खाडीतल्या बेटावर कोळ्यांची वस्ती होती. त्यांच्या होड्या वाहून गेल्या, घरांत पाणी शिरले. जहाजाला अजून सुकाणू बसवलेले नव्हते. ते अवजड धूड पुरात कुठेही भरकटले असते.

सागरक म्हणाला, "टाके कापा. फळ्यांचे तराफे करू आणि दोर लावून सोडू."

त्याचा जिवलग मित्र कोसिय आडवा आला. "अरे, आपली सगळी उमेद यात शिवली आहे."

"पलीकडचा देश थांबेल, कोसिया. ती माणसे कशी थांबतील?"

कोसियाला रडू फुटले, पण पहिला टाका त्यानेच कापला. दिवसभर तराफे ये-जा करीत राहिले. शेवटचे मूल काठावर उतरले आणि दोर तुटले. फळ्या समुद्रात गेल्या.

दुसऱ्या दिवशी तरुण रिकाम्या धक्क्यावर बसले होते. तिथे बेटावरची माणसे आली. रेवा नावाची म्हातारी कोळीण पुढे होऊन म्हणाली, "लाकूड मुरायला पुन्हा तेवढीच वर्षं लागतील ना, पोरांनो? मग बसलात काय? चला, जंगल कुठं आहे ते दाखवा."

ते नवे जहाज तरंगताना पाहायला आपण उरणार नाही, हे तिला पक्के ठाऊक होते. सागरक ताडकन उठला. त्याच दिवशी सगळे कुऱ्हाडी घेऊन निघाले, आणि कालपर्यंत हसणारेही त्यांच्यामागे गेले.

पुढे ते जहाज बेटांच्या पलीकडे गेले. पुरातून वाचलेली मुले त्याची वल्ही मारीत होती.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा कोसिय म्हणजे आजचा भिक्षू आनंद. रेवा म्हणजे माझी मावशी महाप्रजापती. ते तरुण तुम्ही होता आणि सागरक मी होतो. दुसऱ्यासाठी आपले स्वप्न मोडावे आणि तेच पुन्हा पहिल्या ओंडक्यापासून उभारावे, यालाच अधिष्ठान, म्हणजे अढळ निश्चय, म्हणतात."