कुंभाराची थापी

गाढवं आणि माणसं एकमेकांशी धड बोलत होती, त्या काळातली ही गोष्ट. भिवा कुंभाराने कुत्र्याचं पिल्लू पाळलं. मडकी ठोकायची लाकडी थापी तोंडात धरून ते रोज पळे, आणि भिवा हातातलं काम टाकून, शिव्या घालत अंगणभर त्याच्यामागे धावे. तोवर ओली मडकी वाकडी होऊन बसत.

खुंट्याला बांधलेल्या म्हाताऱ्या गाढवाने शेवटी पिल्लाला विचारलं, “अरे, एखाद दिवशी मार खाशील. कशाला पळवतोस ती थापी?”

“मी गप बसलो की धनी माझ्याकडे बघतही नाहीत,” पिल्लू म्हणालं. “थापी उचलली की कसे पकडापकडी खेळतात.”

गाढवाने हे भिवाच्या कानावर घातलं. भिवा ओशाळला. दुसऱ्या दिवसापासून पिल्लू शांत बसलेलं दिसलं की तो चाक थांबवून उठे, त्याला भाकरीचा तुकडा देई, त्याचे कान खाजवी. आठवड्याभरात थापी जागची हलेनाशी झाली.

गाढव हे सगळं बघत होतं. नऊ वर्षं ते त्याच खुंट्याला गप उभं होतं. त्याने मान लांब केली आणि थापी अलगद दातांत धरली.